बकुळपरी आणि मोडका पाळणा

ऐका, आणि मध्ये बोलू नका. सोनकीच्या घरचं लाकूड कातायचं चाक तीन दिवस बंद होतं. लाकूडच नव्हतं, फिरणार काय? बाबा म्हणाले, "आवडाआजीच्या नातवाचा पांगुळगाडा उद्या झाला नाही, तर चाक मोडायचं नि गाव सोडायचं."

इवलीशी सोनकी कुऱ्हाड घेऊन रानात गेली. तिथल्या बकुळीवर तिनं कुऱ्हाड उगारली, तोच वर चिवचिव झाली. घरट्यात तीन गुलाबी चोची! कुऱ्हाड टाकून ती रडायलाच लागली.

तशी बकुळीची फुलं चांदण्यांसारखी लुकलुकली. मधाच्या रंगाच्या पंखांची, फुलाएवढी परी पानावर उतरली.

"रडूबाई, काय हवं?"

"लाकूड. पण झाड न तोडता."

"मग लोकांनी टाकलेलं घे." परीनं तिच्या बोटाला फूल टेकवलं. बोट सोनेरी झालं. "खिळा लपला असेल तिथं हे लाल होईल. पण लाकूड कुठलं विचारलं, तर खोटं चालणार नाही. उजेड विझेल."

आवडाआजीच्या उकिरड्यावर मोडका पाळणा पडला होता. सोनकीनं तो घरी ओढत आणला आणि बोट फिरवलं. लाल! खिळा उपटला. पुन्हा लाल! लाकूड तासायची पटाशी घरात एकच, खिळ्यावर आदळली की संपलं. बाबांनी ती चाकावर फिरणाऱ्या लाकडाला टेकवली, तेव्हा सोनकीनं श्वास रोखला. भुरुभुरु सोनेरी साली उडाल्या. हुश्श!

एका दांड्यावर बारीक खड्डे होते. "बाबा, हा असाच राहू दे. धरायला."

सकाळी लालचुटुक, पोपटी गाडा तयार झाला. आवडाआजी नातवाला घेऊन आली.

"झकास! लाकूड कुठलं?"

"नवं, सागाचं," बाबा घाईनं म्हणाले.

सोनकीचं बोट काळवंडू लागलं. "नाही आजी. तुम्ही टाकलेल्या पाळण्याचं."

"मेले! माझ्या नातवाला उकिरड्यावरचं?" आजीनं गाडा ढकलायला हात घातला, तो दांड्यावरच थबकला. बोटं खड्ड्यांवरून फिरली. "अगं बाई... हे माझ्या लेकाचे दात! दात येताना मेला पाळणाच कुरतडायचा."

तेवढ्यात नातवानं दांडा धरला आणि दुडुदुडु निघाला.

"थांब रे, बापाचं लाकूड घेऊन पळतोस होय!" आजीनं डोळे पुसले. "सोनके, माळ्यावर मोडका पाट आहे, मुसळ आहे. सगळं घेऊन जा."

सोनकीच्या बोटातून उजेडाचा थेंब उडाला. त्यात परी हसत होती. "आता माझा उजेड नको. लाकडात काय दडलंय, ते तुझ्या बोटांनाच कळतंय." लख्ख उजेड झाला आणि ती त्यात विरून गेली.

चाक अजून फिरतंय आणि बकुळ अजून उभी आहे. खोटं वाटत असेल, तर जाऊन बघा!