टपावरच्या पाच सायकली

मोटारीवर सायकलींसाठी कॅरिअर बसवायचं, एवढ्या एका कामापायी आंबेघर संस्थानचा दरबार आठ दिवस डोकं खाजवत होता.

सायकली पाच. सरकारांची, राणीसाहेबांची, दोघा राजपुत्रांची आणि धाकट्या राजकन्येची. उन्हाळ्यासाठी थंड हवेच्या बंगल्यावर निघताना पाचही सायकली सरकारांच्याच मोटारीवर दिसल्या पाहिजेत, असा हुकूम होता. मागून बैलगाडीनं आणल्या तर वाटेतल्या गावांना थाट कसा कळणार? खुद्द सरकारांना सायकल येत नव्हती. दोन हुजरे दोन बाजूंनी धरत, तिसरा मागून ढकले आणि चौथा नुसताच "वा सरकार" म्हणत पळे.

कॅरिअर घडवणार भिकोबा लोहार. तो हात जोडून कोपऱ्यात उभा होता, आणि त्याचा भाता ओढणारी लेक गोजरा मापाची दोरी घेऊन त्याच्या मागे. तिनं मोटार कधीच मापून ठेवली होती. आता ती शहाण्यांची मापं घेत होती.

"मोटारीच्या पाठीला लावू या," दिवाणसाहेब म्हणाले.

"पाठीवर आमचं राजचिन्ह आहे," सरकार गरजले. "ते चाकांच्या आड झाकायचं?"

"मग दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पायफळ्यांवर?"

"तिथं चोपदार उभे राहतात. ते काय पळत येतील?"

शहरातून एक इंजिनिअर बोलावला होता. आठ दिवस तो जाडजूड कॅटलॉग चाळत होता आणि दोन्ही वेळा श्रीखंड हाणत होता. तो घसा खाकरून म्हणाला, "सायकली सुट्या करून पेटीत भराव्यात."

"पेटीत सायकली आहेत की कांदे, हे लोकांना कसं कळेल?"

"टपावर..." असं कुणीसं पुटपुटलं आणि सगळ्या दरबारानं जीभ चावली. सरकारांच्या मस्तकाच्या वर काही असू नये, हा आंबेघरचा शिरस्ता. त्यापायी राजवाड्यासमोरच्या घरांना माडी बांधायची बंदी होती, आणि सायकलवरून जाणाऱ्याला तिथं उतरून चालत जावं लागे.

सरकारांचा राग शेवटी भिकोबावर निघाला. "उद्या सकाळी कॅरिअर हवं. पाठीवर नाही, बाजूला नाही, आमच्या डोक्यावर नाही. नाहीतर तुझ्या भात्याला कुलूप आणि तू वेशीबाहेर!"

"अगदी रास्त," दरबार म्हणाला. कुलूप दुसऱ्याच्या भात्याला लागणार होतं, तेव्हा रास्त म्हणायला काय जात होतं?

घरी येताच भिकोबा मटकन बसला. "गोजरे, सामान बांध."

"सामान कशाला, आबा? पट्ट्या तापवा. टपावर बसवायचंय."

"टपावर? अगं, मला जित्ता सोडतील का?"

"पाच सायकली दुसरीकडं मावतच न्हाईत. दोरी लावून बघितलंय मी. तुम्ही घण घाला, बोलायचं मी बघते."

दिवस मावळायच्या आत कॅरिअर तयार झालं.

सकाळी सरकार पायऱ्या उतरून आले आणि जागीच थांबले. टपावर पाच सायकली ओळीनं उभ्या होत्या.

"भिकोबा! आमच्या डोक्यावर चाकं?"

भिकोबा दोन पावलं मागं सरला. गोजरा पुढं झाली.

"सरकार, येक विचारते. गेल्या दसऱ्याला तुम्हांस्नी ताप आलता. मग हत्तीवरनं मिरवणूक कुणाची निघाली?"

"सरकारांच्या पगडीची," दिवाणसाहेब नाक उंच करून म्हणाले. "पगडी म्हणजे खुद्द सरकार, असं फर्मानच होतं."

"माझ्या आबानं त्या पगडीला मुजरा केला न्हाई. नुसती पगडी बघून त्याला वाटलं, सरकार कुठं हायेत? तर त्याला दिवसभर उन्हात उभा केला."

"केलाच पाहिजे," सरकार म्हणाले. "पगडी तिथं आम्ही."

"मग काम झालं." गोजरानं टपाकडं बोट केलं. कॅरिअरच्या मधोमध एक लोखंडी दांडा होता, हँडलांपेक्षा वीतभर उंच, आणि त्याच्या टोकाला गोल लाकडी ठोकळा. "त्यो ठोकळा पगडीसाठी. पगडी वर, सायकली खाली. आता सरकारांच्या वर काय हाय, ते दिवाणसाहेबांनीच सांगावं."

दिवाणसाहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. पगडी म्हणजे सरकार नव्हेत म्हणावं, तर दसऱ्याला अख्खा दरबार एका फडक्याला मुजरे घालून आला होता.

सरकारांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि आम्ही मोटारीत बोडके बसायचं?"

"घाटात वारं लई असतंय, सरकार. कानटोपी घाला."

दरबार सरकारांच्या तोंडाकडं बघू लागला. हसायचं की चिडायचं, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. मग सरकारांची मिशी थरथरली, पोट हललं आणि ते खदाखदा हसले. तेव्हा कुठं दरबारही हसला.

"माग, काय हवं ते माग!"

"तुमची अडगळीत पडलेली जुनी सायकल द्या. आन् राजवाड्यासमोरनं जाताना मला खाली उतरवू नका."

"सायकल घे. पण तो शिरस्ता कसा मोडेल?"

"पगडी चालली बंगल्यावर, म्हंजी सरकार तिकडं. मग हितं उतरायचं कुणासाठी?"

सरकार डोळे पुसत इतके हसले की चोपदारांनी त्यांना हाताला धरून मोटारीत बसवलं. पगडी वर चढली, कानटोपी आत गेली आणि मोटार धुरळा उडवत निघाली.

गोजरानं त्याच दुपारी राजवाड्यासमोर सायकल काढली. दोनदा पडली. धरायला हुजरे नव्हते, म्हणून दिवेलागणीपर्यंत शिकली.