धुराडं आणि दयाळाची शीळ

फार वर्षांमागे एका गावच्या पिठाच्या गिरणीवर एक लांबलचक धुराडं होतं. खालचं इंजिन सुरू झालं की त्याला जाग येई, आणि जाग येताच ते बोंबलत सुटे. इंजिन थांबलं की तेही झोपी जाई. समोरच्या शेवग्यावर एक दयाळ पक्षी गायला बसे. धुराड्याला त्याची चोच हलताना दिसे, पण स्वतःच्याच आरडाओरड्यापुढे एकही सूर ऐकू येत नसे. "एकदा तरी ऐकू दे रे देवा," म्हणत ते झुरत राही.

गिऱ्हाइकं आवाजाला कंटाळली, तेव्हा यासीन मिस्त्रीनं धुराडं मधोमध कापलं आणि तिथं एक आखूड, ढेरपोट्या डबा जोडला.

"तुझ्या आत तर काहीच नाही! नुसता पोकळ!" इंजिन सुरू होता होता जागं झालेलं धुराडं करवादलं.

"पोकळ आहे म्हणूनच तुझा आवाज माझ्यात मावेल," डबा म्हणाला. "इथं तो पसरेल, भिंतीवर आपटून मागं फिरेल आणि मागून येणाऱ्या आवाजाशी झुंजून दमेल."

इंजिनानं वेग घेतला. धुराड्याच्या तोंडून नुसता सुस्कारा निघाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला दयाळाची शीळ ऐकू आली. ते हरखून म्हणालं,

"ऐकलंस का रे, डब्या?"

"नाही रे दादा. माझ्या पोटात तुझीच बोंब घुमतेय," डबा म्हणाला. "कसा गातो तो? सांग ना मला."

त्या दिवसापासून धुराडं शेवग्याकडे कान लावून असतं. त्याला आता दोघांच्या वाटचं ऐकायचं असतं.