नंदनवारांच्या लॉजमधली खोली

बावीस वर्षांची शाल्मली ढवळे नोकरीच्या परीक्षेसाठी एकटीच चंद्रपूरला आली होती. लॉजची खोली तिने आठवडाभर आधी फोनवरून ठरवली होती. पण सोबत कुणी नाही हे पाहताच मालक बाबूराव नंदनवारांनी रजिस्टर मिटलं.

“एकट्या पोरीला खोली मिळत नाही. वडिलांना नाहीतर भावाला घेऊन ये.”

“का?”

“तुझ्याच भल्यासाठी सांगतो. इथे नाना तऱ्हेचे पुरुष उतरतात. त्यांचा काय भरवसा?”

दहा तास एसटीत अंग आंबवून आलेल्या शाल्मलीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने वहीचं कोरं पान टरकन फाडलं आणि पेनासकट त्यांच्यापुढे आपटलं.

“मग तसं लिहून द्या, काका. ‘माझ्या लॉजमधले पुरुष भरवशाचे नाहीत, म्हणून त्यांना मी खोल्या दिल्या आणि या मुलीला रस्त्यावर काढलं.’ खाली सही करा. कागद घेऊन मी थेट पोलीस ठाण्यात जाते.”

बाकावर पेपर वाचत बसलेले दोन पाहुणे ताडकन उठले. “ओ मालक, आम्ही काय गुंड आहोत?”

“अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला...” नंदनवारांची बोबडी वळली. त्यांनी घाईघाईने किल्ली काढली आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. “इथे नाव लिहा, ताई.”

एवढा वेळ पोरगी होती, ती आता ताई झाली. शाल्मली आणखीच भडकली.

“नाव नंतर लिहीन. आधी दाराला आतून कडी लागते का, ते पाहून येते. तुम्ही इथेच थांबा.”

नंदनवार थांबले.