दहाव्या झाडाचं आढं

चिंतोबा महाराजांचा मुक्काम त्या साली कुंडवलीस होता. घाटाखालचं पस्तीस-चाळीस उंबऱ्यांचं गाव. खाली भाताची खाचरं, वर रान आणि मधून वाहणारा पऱ्या. महाराज ग्रामदेवीच्या देवळात उतरले होते.

साधुपुरुष गावात आले की लोक त्यांना प्रश्न विचारतात, हा जगाचा रिवाज. इथे सगळंच उलट! महाराजच लोकांना विचारत सुटायचे. कुंभारणीला विचारायचे, "आई, मडकं भाजताना कोणतं फुटणार हे तुला आधी कळतं का गं?" अंगणात पापड वाळत घालणाऱ्या म्हातारीला विचारायचे, "तू उठून आत गेलीस हे त्या कावळ्याला कोण सांगतं?" उत्तर मिळालं की लहान मुलासारखे खुश व्हायचे आणि मान डोलवत पुढच्या घरी जायचे.

"हे कसले महाराज?" अनाजी मेस्त्री चारचौघांत म्हणायचा. "यांना तर काहीच ठाऊक नाही. मला विचारायला आले, पटाशीला धार कुठल्या बाजूने लावता! सांगितली, तर म्हणे वा वा! अरे, महाराजांनी आपल्याला ज्ञान द्यायचं की आपण त्यांना?"

अनाजीचा अहंकार अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा सुतार नव्हता. चाळीस वर्षं त्याने घरं उभी केली, देवळाचा सभामंडपही त्याच्याच हातचा. इतर सुतार माप दोनदा घेतात. अनाजी एकदाच घ्यायचा आणि करवत लावायचा. "अनाजीने कापलं ते कमी पडत नाही," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात वारं शिरलं होतं, एवढीच काय ती गोष्ट.

त्याच गावात वरच्या वाडीला धाकलू भुवड राहायचा. भोळा, हरीचं नाव सदा ओठांवर. महाराज आल्यापासून रोज सकाळी तांब्याभर दूध देवळात ठेवून जायचा, आणि महाराजांनी विचारलेल्या प्रश्नांना वेळ काढून उत्तरं द्यायचा. पण अख्ख्या गावात त्याच्या नावाने हसणं चाले ते त्याच्या गोठ्यावरून. कारण त्या गोठ्याचं बांधकाम दहा वर्षं चालू होतं!

त्याचं असं. धाकलूच्या मालकीची डोंगरउताराला लहानशी राई होती. ऐन आणि किंजळीची पन्नास-साठ झाडं. त्याच्या आजाने घालून दिलेला नेम होता की घरासाठी लाकूड हवं तर आपल्याच राईतलं घ्यायचं, आणि एक झाड तोडलं की त्याच्या खुंटाला कोंब फुटून तो गुडघ्याएवढा होईपर्यंत दुसऱ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. धाकलूने तो नेम देवाच्या शब्दासारखा पाळला. दिवाळी झाली की एक झाड निवडायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, हात जोडून हरीचं नाव घ्यायचं आणि मगच घाव घालायचा. खुंटावर पाणी साचू नये म्हणून काप तिरका ठेवायचा. शेरडांनी कोंब खाऊ नयेत म्हणून भोवती करवंदीच्या काट्या लावायच्या. लाकूड पऱ्याच्या कोंडीत तीन महिने मुरवून मग सावलीत वाळवायचं. म्हणजे वर्षाला एक झाड, फार तर एक! नऊ वर्षांत नऊ खांब झाले. गंमत बघा, पहिल्या खुंटांना फुटलेले कोंब तोवर एवढे वाढले की त्यातलेच विरळ करून वाशांचीही सोय झाली.

"धाकलूचा गोठा होईपर्यंत गाईला नातवंडं होतील," अनाजी म्हणायचा आणि लोक खो खो हसायचे.

धाकलूही हसायचा. पण मागल्या साली हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. गुरांच्या उघड्या वाड्यातून वाघराने तांबी गाईचं पंधरा दिवसांचं वासरू उचलून नेलं. तांबी आठ दिवस त्या दिशेला तोंड करून हंबरत उभी होती, आणि धाकलूच्या बायकोने, भिकाईने, आठ दिवस धड अन्न घेतलं नाही. आता तांबी पुन्हा गाभण होती, चैत्र लागला होता आणि दिवस भरत आले होते. धाकलूची झोपडी केवढी, तर चार माणसं निजली की पाय उंबऱ्याला लागायचे. गुरं कुठे घेणार? गोठा याच महिन्यात उभा राहायला हवा होता. सुदैवाने दहावं झाड, आढ्याचं म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईचं, कार्तिकात तोडून तयार झालं होतं. सरळसोट ऐन, चौदा हातांवर चार बोटं; आढ्याला चौदा हात हवे होते.

आढं बसवायला धाकलूने अनाजीला बोलावलं. अनाजी आला तो खरं तर उत्सुकतेने. दहा वर्षांची थट्टा जवळून बघायची होती त्याला. बघतो तर खांब असे टणक की नख रुतेना! एकाला भुंग्याचं भोक नाही, एकाला चीर नाही. मनात तो चकित झाला. पण तोंडाने कबूल करेल तो अनाजी कसला! धाकलू गवताचे भारे आणायला गेला होता. कुंपणापाशी चार रिकामटेकडे उभे होते. अनाजी आढ्यावर हातभर लांबीचा मोजायचा गज टाकत टाकत त्यांना नक्कल करून दाखवू लागला, धाकलू झाडाला हात जोडून कसा म्हणतो, "ऐनोबा, रागावू नका हां!" मंडळी हसली, अनाजीही हसला, हसता हसता गज पुढे सरकवत गेला, खूण केली आणि करवत लावली.

माणसं पांगल्यावर त्याने सहज पुन्हा गज टाकला. तेरा हात! हसण्याच्या नादात एक गज दोनदा मोजला गेला होता. बुंध्याकडचा कापलेला तुकडा पायाशी पडला होता, धाकलूच्या कुऱ्हाडीचे तिरके घाव त्यावर स्पष्ट दिसत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अनाजीचं माप चुकलं होतं, तेही हसण्यापायी. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तुकडा हत्यारांच्या गोणपाटात गुंडाळला आणि घाम पुसत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आढं चढवायला वाडी लोटली. महाराजही आले आणि फणसाखाली बसून प्रत्येक गाठ कशी मारतात ते मान वाकडी करून बघू लागले. मधल्या ओळीला तीन मेढी उभ्या होत्या, म्हणजे वर बेचका असलेले खांब. बाराजणांनी आढं उचललं. पहिल्या बेचक्यात बसलं, दुसऱ्यात बसलं आणि तिसऱ्याच्या एक हात अलीकडेच संपलं.

मग कुजबुज सुरू झाली. "मेस्त्रींचं कमी पडलं?" कुणीतरी म्हणालंच.

"माझं कशाला कमी पडेल?" अनाजी ताडकन म्हणाला. "लाकूड आखडलं. तीन महिने पाण्यात कुजवायचं आणि एकदम वाळवायचं, मग आखडणार नाही तर काय! आमचं कोण ऐकतो?"

बोलून गेला खरा, पण मनात जीभ चावली. कारण नवशिक्या सुतारालाही ठाऊक असतं की लाकूड वाळताना जाडीत आखडतं, लांबीत आखडत नाही. त्याने धाकलूकडे पाहिलं. धाकलू आढ्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघत होता.

"असंल मेस्त्री," तो शेवटी म्हणाला. "माझंच चुकलं असंल."

एकजण म्हणाला, तिसरी मेढ हातभर आत घ्या. पण शेवटचा खण तांबीला व्यायला ठेवलेला. हातभर गेला तर तिला आडवं होता येणार नव्हतं. दुसरा म्हणाला, जोड द्या. पण आढ्याला जोड देत नाहीत, सगळा भार त्याच्यावर. अनाजीने राईकडे बोट केलं. "एवढं रान उभं आहे समोर! तोड एक ऐन. ओलं तर ओलं."

"नाय मेस्त्री. दहाव्याच्या खुंटाला अजून कोंब नाय."

"अरे, वाघरू येईल तेव्हा त्याला कोंब दाखवणार आहेस का?" अनाजी ओरडला. राग धाकलूवर नव्हता, स्वतःवरच होता, पण निघाला धाकलूवर. लोक हसले. भिकाईने पदर डोळ्यांना लावला. धाकलूने एकदा तांबीकडे पाहिलं. "आढं खाली घ्या," तो म्हणाला. "तांबीच्या उशाशी मी बसंन, कोयता घेऊन. हरी बघंल."

तेव्हा महाराज उठले. धोतराला लागलेलं गवत झाडत जवळ आले. "मेस्त्री, मला एक सांगा हो. लाकूड लांबीत आखडतं?"

"आखडतं... एखादं."

"काय सांगता! मला हे ठाऊकच नव्हतं." महाराजांचे डोळे चमकले. "आणि मग एखादं वाढतही असेल, नाही?"

महाराज खाली उतरवलेल्या आढ्यापाशी बसले, त्याच्यावर हात ठेवला, मग चक्क कान लावला. "काय रे बाबा," ते लाकडाला म्हणाले, "धाकलूने तुला तोडलं तेव्हा तू केवढा होतास?" आणि ऐकू आल्यासारखी मान हलवून ते उठले. "उचला पुन्हा. हरीचं नाव घ्या आणि उचला."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण महाराजांचा शब्द कोण मोडणार? "हरी हरी" म्हणत आढं वर गेलं. पहिल्या बेचक्यात बसलं. दुसऱ्यात बसलं. आणि काय सांगू तुम्हाला, तिसऱ्या बेचक्यात बसून चार बोटं बाहेर डोकावलं!

एकच जयघोष झाला. म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकी टेकली. अनाजी मात्र ओरडला नाही. तो शिडी लावून वर चढला. सुतारच तो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला राहवेना. आपण करवतीने गुळगुळीत कापलेलं तोंड तिथे नव्हतं. तिथे कुऱ्हाडीचे तिरके घाव होते, कार्तिकात धाकलूने घातलेले. अनाजीने बोटांनी ते मोजले. सात. कुठे सांधा नाही, कुठे रेघ नाही. खाली उतरून त्याने हत्यारांसोबत आणलेलं गोणपाट उघडलं. तुकडा जागच्या जागी होता, आणि त्याच्यावरही तेच सात घाव!

आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लपवण्याची इच्छाही उरली नव्हती. तुकडा दोन्ही हातांत धरून अनाजी सगळ्यांसमोर उभा राहिला.

"लाकूड आखडलं नव्हतं," तो म्हणाला. "मी चुकलो. धाकलूची नक्कल करत होतो, हसत होतो, गज चुकला. काल दुपारपासून मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो." आणि धाकलूकडे वळून म्हणाला, "तुझी दहा वर्षं मी पाण्यात घालायला निघालो होतो रे!"

धाकलू अवघडून पायाने माती उकरत होता. "मला ठाऊक व्हतं, मेस्त्री."

"काय ठाऊक होतं?"

"तुमीच कापलंय ते. लाकूड लांबीत कधी आखडतंय व्हय? दहा वर्सं लाकडातच हाय मी. आणि तोंड करवतीचं, कुऱ्हाडीचं नाय, ते दिसतच व्हतं की."

"मग बोलला का नाहीस? समोर तांबी उभी होती. मी तुझ्यावर ओरडत होतो. एक शब्द बोलला असतास!"

"बोललो असतो तर आढं वाढलं असतं काय?" धाकलू म्हणाला. "ते कमीच ऱ्हायलं असतं, आणि वर तुमचं चाळीस वर्सांचं नाव गेलं असतं चारचौघांत. झाड तोडलं तर खुंटाला फुटतंय, मेस्त्री. तुमच्या नावाला परत कुठनं फुटवा आणणार व्हतो मी?"

भिकाई नवऱ्याकडे बघत राहिली. ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. महाराज तर थक्क होऊन उभे होते. "मेस्त्रींनी गोणपाटात काय बांधलंय ते मला दिसलं होतं," ते हळूच म्हणाले, "पण धाकलूने पोटात काय ठेवलंय ते नाही दिसलं. लोकांना वाटतं मला सगळं कळतं!" आणि त्यांनी धाकलूला हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

अनाजी महाराजांच्या पायांवर पडला. महाराजांनी त्याला उठवून जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "वेडे आहात मेस्त्री," ते म्हणाले. "आढं माझ्यासाठी नाही वाढलं. हरी कुणाच्या हाकेला आला ते कळलं ना?"

अनाजीला कळलं होतं. ज्या माणसाची दहा वर्षं थट्टा केली, त्याच्या धुळीने माखलेल्या पायांवर त्या मानी सुताराने सगळ्या गावादेखत डोकं ठेवलं. धाकलू "अवो मेस्त्री, अवो काय करताय" म्हणत मागे मागे सरकत राहिला, आणि अनाजी काही केल्या डोकं उचलेना.