कड्यावरचं चाक आणि गिधाडं

डोंगरही तरुण होते तेव्हाची ही गोष्ट. एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. पाणी मात्र पायथ्याच्या झऱ्याला. बायका रोज कडा उतरून जात आणि भरले हंडे डोक्यावर घेऊन धापा टाकत वर येत.

त्याच गावात एक मेंढपाळ होता. तो कुणाशी फारसा बोलत नसे. मेंढ्या चरायला सोडल्या की तो कड्यावर बसून गिधाडं बघत राही. लोक हसत, "मेंढ्या राखतोस की आभाळ?" तो मान खाली घाली.

एकदा राजाने गावात एक म्हातारा सुतार पाठवला. वाऱ्यावर फिरणारं मोठ्या पात्यांचं चाक करायचं आणि त्याला गाडग्यांची माळ जोडून झऱ्याचं पाणी वर ओढायचं, असं ठरलं होतं. सुताराने विचारलं, "कडा कोसभर लांब. वारा नेमाने कुठे असतो?"

कुणालाच नीट सांगता येईना. तेव्हा मेंढपाळ हळूच म्हणाला, "त्या सुळक्यापाशी. तिथं गिधाडं पंख न हलवता वर चढतात."

तिथेच चाक उभं राहिलं. पाणी वर आलं. एका आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "लेकरा, तुझ्यामुळं डोक्यावरचा हंडा उतरला बघ." जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचं कौतुक केलं होतं.

आठवडाभराने त्याला चाकाखाली मेलेलं गिधाड दिसलं. त्याने ते गुपचूप पुरलं. मग दुसरं. मग तिसरं. बोललो तर कौतुक जाईल आणि पाणीही जाईल, ही भीती त्याच्या मनात बसली.

चौथं गिधाड जिवंत होतं. त्याचा एक पंख तुटून लोंबत होता. ते म्हणालं, "तू रोज आम्हाला बघायचास. आम्हाला वाटायचं, तू आमचाच."

मेंढपाळाचे डोळे भरले. "एवढं मोठं चाक, तुम्हाला दिसत कसं नाही?"

"उडताना आमची नजर खाली असते, मेलेलं जनावर शोधत. पुढचं आम्हाला दिसत नाही."

"मग पुढचं बघायचं कुणी?"

"ज्याला दिसतं, त्यानं."

मेंढपाळाने गिधाडाला घोंगडीत गुंडाळलं आणि थेट चावडीवर नेलं. जागा आपणच दाखवली, तीन पक्षी आपणच पुरले, सगळं त्याने सांगितलं.

पाटील उसळले. "मग काय, गिधाडांसाठी माणसांनी पुन्हा कडा उतरायचा? उद्या म्हणशील, कावळ्याला पान वाढा!"

"वाढतोच की, पितृपक्षात," आजी म्हणाली. सगळे हसले. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "पोरा, ही पाखरं उडतात तरी कधी?"

हे मात्र त्याला पाठ होतं. "ऊन तापलं की निघतात, कललं की परततात. सकाळ-संध्याकाळ चाक खुशाल फिरू द्या. दुपारी मी तिथं बसतो. पाखरू दिसलं की घोंगडी हलवीन, तेवढ्यापुरतं चाक थांबवा."

सुतार खाली बघत म्हणाला, "थांबवायला त्याला खीळच नाही. मी चाक फिरवायचं तेवढं बघितलं, थांबवायचं सुचलंच नाही. चूक माझीही आहे." त्याने दोरांनी चाक बांधून ठेवलं आणि आठ दिवसांत खीळ बसवली. ते आठ दिवस पाटलांच्या घरच्यांनीही कडा उतरून पाणी आणलं.

त्यानंतर दुपारी पाणी कधी कमी येई. बायका कुरकुरत, पण सकाळीच रांजण भरून ठेवू लागल्या. चाकाखाली पुन्हा पक्षी सापडला नाही. पुढच्या वर्षी सुळक्याच्या कपारीत दोन पिल्लं दिसली.

तुटलेला पंख मात्र जुळला नाही. ते गिधाड मेंढपाळाजवळ खडकावर बसून असे. बाकीची वर चढू लागली की ते मान उंच करून बघे. पहिलं गिधाड पुरलं त्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर, एवढंच तेव्हा मेंढपाळाच्या मनात येई.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा : ज्याला धोका आधी दिसतो त्याने आधी बोलावं, कारण त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.