खुंटीवरचं बूच

एकदा एक नावाडी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा दंड आवळून एका वृद्ध ज्ञानी बाईच्या दारात ओरडत होता, “माय, तुम्ही मधे पडू नका! उद्या हिला परगावच्या बाजारात सोडून येणार म्हणजे येणार!”

“आधी तिचा हात सोड. आणि ओरडू नकोस, मी बहिरी नाही,” म्हातारी म्हणाली.

“माझा भाऊ केरबा बुडाला, माय! नावेच्या तळाचं बूच काढलेलं होतं. हिला ते ठाऊक होतं. हिच्या डोळ्यांदेखत त्यानं पोती भरली, नाव पुरात लोटली, आणि हिनं तोंड उघडलं नाही. पोर कसली, वैरीण आहे!”

मुलगी कोणाकडेही न पाहता म्हणाली, “बूच खुंटीवर आहे.”

“ऐका! तीन दिवस हेच चाललंय.”

म्हातारीने आपल्या शिष्याला त्याचा तांब्या कोनाड्यात ठेवायला सांगितले आणि जळण आणायला पिटाळले. तो दिसेनासा होताच तिने तांब्या उचलून चुलीमागे ठेवला. घरात सुतक, आणि हा पोरखेळ! नावाडी मनातून चिडला.

“गोजरे, तो आला की तांब्या कुठं शोधेल?” म्हातारीने मुलीला विचारले.

“चुलीमागे.”

“त्यानं तर पाहिलं नाही.”

“तांब्या चुलीमागे आहे.”

शिष्य परतला तो सरळ कोनाड्याकडे गेला आणि गोंधळून उभा राहिला. त्याच्याहून अधिक गोंधळली ती मुलगी.

“पाहिलंस?” म्हातारी म्हणाली. “काही मुलांची घडणच अशी असते. लोक त्यांना स्वमग्न म्हणतात, वेडी म्हणतात, तुझ्यासारखे वैरी म्हणतात. आपल्याला ठाऊक ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे त्यांना आपसूक उमगत नाही. जवळ बसवून शिकवावं लागतं. हिनं काही लपवलं नाही. केरबाला ठाऊक नाही, हेच हिला कळलं नाही.”

“एवढंही कळू नये? शेंबड्या पोराला कळतं ते!”

“बूच काढलं कुणी?”

“मी. काठावर ओढलेल्या नावेतलं पावसाचं साचलेलं पाणी जावं म्हणून. दुपारी काढलं, खुंटीला टांगलं आणि जेवायला गेलो.”

“केरबाला सांगितलंस?”

नावाड्याच्या हातातून मुलीचा दंड सुटला. तो म्हणाला, “त्यात सांगायचं काय, माय? मला वाटलं, त्याला ठाऊक असेल.”

“हिलाही तेवढंच वाटलं.”