सारसाकडे उठलेले बोट

ऐकणाऱ्यांनो, तुम्ही कधी पाखराकडे बोट दाखवले आहे का? दाखवले असेल तर ही गोष्ट जरा लक्ष देऊन ऐका.

एका राज्यात सातमुखी नावाची नदी होती. डोंगरातून ती एकटी यायची, पण तळ्याच्या काठाशी पोचली की सात फाट्यांत फुटायची. फाट्यांच्या मधे गाळाची बेटे, बेटांवर लव्हाळे, आणि लव्हाळ्यांत पाखरे. शेकाटे, टिबुकल्या, चक्रवाक, आणि सगळ्यांत उंच, लाल मानेचे सारस. कोणते पाखरू कोणत्या दिवशी उतरले त्यावरून राज्यात पेरणीचा मुहूर्त ठरे. म्हणून राजा रत्नकेतूने काठावर पाखरांची राखणदार नेमली होती. तिचे नाव म्हाळसा.

राखणदारांची एक रीत होती. पाखराकडे बोट दाखवायचे नाही. बोलून दाखवायचे. "तिसऱ्या फाट्याच्या तोंडाशी वाकडे झाड आहे, त्याच्या सावलीत दोन बगळे, बगळ्यांच्या मागे पाहा." ज्याला धीर असेल त्याला दिसे. ज्याला नसेल तो घरी जाई.

एके वर्षी राजा पाहुण्याला घेऊन आला. पाहुणा मायावी होता, त्याचे नाव कालकंठ. दोनशे सारसांत पक्षिराज कोणता, ते त्याला हवे होते. म्हाळसेने बोलून सांगितले. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. कालकंठ हसून राजाला म्हणाला, "महाराज, बाईला काही ओळखता येत नाही. नुसती झाडे मोजते आहे."

म्हाळसेने बोट उचलले.

मायाव्याचा मंत्र त्या बोटाच्या रेषेवरून गेला आणि पक्षिराज जागच्या जागी सोन्याचा झाला. सोने उचलायला कालकंठ गाळात उतरला आणि गाळाने त्याला गिळले. सोन्याचा सारस राजाने दरबारात नेला. सगळी पाखरे उडाली ती परत आली नाहीत. एकटी सारसी मागे राहिली, पक्षिराजाची जोडीदारीण.

लोकांनी विचारले तेव्हा म्हाळसा म्हणाली, "त्याने माझ्या हातावर चेटूक केले. बोट आपसूक उठले." लोकांनी विश्वास ठेवला. धाकू नावाडी तर गावोगाव सांगत फिरला की बिचारीचा काही दोष नाही.

सारसांची साद दोघांनी मिळून पुरी करायची असते. एकाने सुरू करायची, दुसऱ्याने संपवायची. बारा वर्षे सारसी रोज सकाळी अर्धी साद घाली आणि थांबे. बारा वर्षे म्हाळसा काठावर दाणे ठेवी आणि मान खाली घालून निघून जाई. राज्यात पेरणी कधी लवकर होई, कधी उशिरा. पिके किडीने खाल्ली.

बाराव्या वर्षी सारसीने दाणे खाल्ले नाहीत. म्हाळसा पहिल्यांदाच तिच्यापुढे बसली.

"सारसीबाई, यावर उपाय काय?"

"विचारायला बारा वर्षे लागली तुला?" सारसी म्हणाली. "माझे तीन दिवस उरले आहेत. पहिल्या दिवशी माझ्या जोडीदाराला मागून आण, चोरून नको. दुसऱ्या दिवशी सातही फाट्यांचे पाणी आण, तळ्यात मिसळण्याआधीचे. तिसऱ्या दिवशी काय आणायचे ते तुला ठाऊक आहे."

पहिल्या दिवशी म्हाळसा दरबारात गेली. सोन्याचा सारस सिंहासनाच्या डाव्या बाजूला उभा होता.

"महाराज, हा परत द्या."

"हे राज्याचे वैभव आहे, म्हाळसाबाई."

"हा कुणाचा तरी जोडीदार आहे, महाराज."

राजाने सारसाकडे मान वळवली. मग म्हणाला, "मी दरबारात तोंड उजवीकडे करून का बसतो, ते आजवर कोणी विचारले नाही. न्या त्याला."

दुसऱ्या दिवशी ती धाकूच्या होडीत बसली. चौथ्या फाट्याशी धाकू वैतागला.

"अहो बाई, एकाच ठिकाणी सात घागरी भरा की. पाणी काय आपले नाव सांगणार आहे?"

"सांगेल."

"मग माझेही विचारा त्याला. बायकोने ठेवलेली नावे तेवढी वगळून." बांबू रेटत तो पुढे म्हणाला, "त्या मेल्या मायाव्यापायी तुम्हाला काय काय भोगावे लागते. तुमच्यासारखी भली बाई."

म्हाळसेने घागरीत पाहिले. पाचवा, सहावा, सातवा फाटा आला. संध्याकाळी सातही घागरी काठावर होत्या.

तिसऱ्या दिवशी राजा आला, गाव आले. म्हाळसेने सहा घागरी सोन्यावर रित्या केल्या. सोने सोनेच राहिले. सारसी एका पायावर उभी होती, तिची मान खाली येत होती.

म्हाळसेने सातवी घागर उचलली आणि ती तशीच धरून म्हणाली, "माझ्या हातावर चेटूक झाले नव्हते. तो हसला, मला राग आला. महाराजांपुढे आपण कमी दिसू नये, म्हणून बोट मीच उचलले. बारा वर्षे मी खोटे बोलले."

धाकूने तिच्याकडे पाहिले, मग होडीचा दोर सोडला आणि तो एकटाच पलीकडे निघून गेला. त्याला थांबवावे असे तिला फार वाटले. तिने घागर रिती केली.

सोने ओले झाले, मऊ झाले, त्याला पिसे आली. पक्षिराजाने पंख झटकले. तो होता तसाच तरुण होता. सारसीच्या मानेचा लाल रंग मात्र विटला होता, गुडघे सुजले होते. त्याने तिच्याकडे पाहिले आणि ओळखले नाही. तो आपल्या जोडीदारणीला शोधत इकडेतिकडे बघू लागला.

सारसीने अर्धी साद घातली. तो थबकला. मग त्याने ती साद पुरी केली आणि तिच्या अंगाला अंग लावून उभा राहिला.

दुपार कलण्याआधी आभाळ पाखरांनी भरले. शेकाटे उतरले, चक्रवाक उतरले, सातही फाटे गजबजले. राजाने पेरणीची दवंडी पिटवली.

म्हाळसा सारसीपाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, मला क्षमा कर."

"शाप गेला," सारसी म्हणाली. "बारा वर्षे तू कुठून आणशील? तुझ्यावर राग नाही माझा. पण या पाण्यात आता माझे मन लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारसांची ती जोडी उत्तरेकडे उडून गेली, आणि राज्यात बारा वर्षांनी वेळेवर पेरणी सुरू झाली.